अर्धा जव

राजारामपुरीतनं आणलेलं खोकं फोडलं
तेव्हा साडेनऊ वाजले होते.
कार्डाला तीन पंखे.
एवढ्याशा पेटीत एवढा वारा कशाला, मामंजी म्हणाले,
आणि पुन्हा आपल्या पाटावर जाऊन बसले.

जुनं काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळला.
पंखे फिरले, तिन्ही.
एक लांब शिट्टी, दोन आखूड.
काळ्या मॉनिटरवर 'नो सिग्नल'ची चौकट
ह्या कडेवरनं त्या कडेवर,
खिडकी न सापडलेल्या माशीसारखी.

गडहिंग्लजच्या पार्टीला सकाळी साज दाखवायचाय.
मासा, कासव, भुंगा, कारलं,
एकवीसच्या एकवीस पानं आत अंधारात पडलेली.
जुन्या कार्डावर एक पान फिरवायचं
तर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा.

मग सगळे करतात ते मीही केलं.
केबल काढली, लावली, दुसऱ्या भोकात लावली.
रॅमच्या पट्ट्या पोरीच्या खोडरबरनं घासल्या
(रबराला स्ट्रॉबेरीचा वास, आता रॅमलाही).
बोर्डावरचा रुपयाएवढा सेल काढून दहा मिनिटं थांबायचं असतं;
तेवढ्यात भांडी उरकली.
आठ पिनांची वायर अंगठा पांढरा होईस्तोवर दाबली.
एक लांब, दोन आखूड.

दुकानातल्या इंद्रजितला फोन.
ताई, सप्लाय कितीचा? साडेचारशे?
मग कशी उठंल ती? साडेसहाशेचा टाकू, सकाळी या.
बरं म्हणाले.
फोन ठेवल्यावर पाच हजार मोजून पाहिले, मनातल्या मनात,
आणि जुनं कार्ड परत लावलं.
लगेच चालू.
रुसवा नाही, काही नाही. त्याचाच राग आला.

मामंजी कधी उठून आले कळलं नाही.
डोळ्याला टाके बघायचं भिंग,
नव्या कार्डाची खालची कड दिव्याखाली.
"हे सोनं हाय."
मुलामा आहे, म्हणाले.
"मुलामा म्हंजे सोनंच की. पातळ."
मग त्या पिवळ्या दातांवरची रेघ दाखवली मला,
घासल्याची, केसाएवढी.
एका टोकाला पार वरपर्यंत गेलेली,
दुसऱ्या टोकाला अर्ध्यातच थांबलेली.
"ह्या अंगानं बसलंच न्हाई. आवाज झालता?"
स्क्रू आवळला होता मी.
"स्क्रू कुणीबी आवळतंय. आवाज झालता का?"

नव्हता झाला.
कार्डाच्या टाचेची पत्र्याची पट्टी
पेटीला अडत होती, अर्धा जव.
तीन तास मी वीज शोधत होते,
आणि अडलं होतं पत्र्याला.

पट्टी सोडवून त्यांनी पाटावर नेली,
खाली कागद पसरला,
पैंजणाची कडी घासायची ती बारीक कानस घेतली.
आठ-दहा हात. फुंकर. पुन्हा दोन.
मी पट्टी परत जोडली,
कार्ड खाचेवर धरलं, दोन्ही अंगठे टेकवले.
"दाब. भिऊ नको, दाब."
टिच्.
गळ्यातल्या साखळीचा फासा लागतो, तेवढाच आवाज.
"हां," मामंजी म्हणाले.

शिट्टी एकच, आखूड.
स्क्रीन उजळला, अक्षरं ढोबळ, रंग कसेतरी.
ड्रायव्हर उतरतोय: चार टक्के.
गुजरीतलं नेट रात्रीच काय ते पळतं.

पावणेदोनला कासव फिरलं,
न अडखळता, पाठीवरचा एकेक रवा चमकवत.
मामंजी वाकून बघत राहिले.
"टाका कुठं दिलाईस?"
ह्यात टाका नसतो, मामंजी.
पुढं काही बोलले नाहीत.

पानं सेव्ह करून वळले तर
ते पाटावर बसून कागदावरचा कीस
सशाच्या पायानं एका कोपऱ्यात ओढत होते.
पत्रा आहे तो, मी म्हणाले.
"ठावं हाय," म्हणाले,
आणि पुडीची तिसरी घडी घातली.